फोन चावतो तेव्हा

गेल्या गणपतीत चिपळूणजवळच्या घरी गेलो असताना दुसऱ्याच दिवशी सकाळी आई म्हणाली, "अरे, हा फोन चावतो." चार्जिंगला लावलेल्या फोनच्या कडेच्या धातूच्या पट्टीवरून बोट फिरवले की झिणझिण्या येतात, आणि अनवाणी पायांनी ओल्या लादीवर उभे राहिले की त्या अधिक जोराने येतात, असे तिचे नेमके निरीक्षण होते. मी हात लावून पाहिला आणि तितक्याच त्वरेने मागे घेतला. फोनबरोबर आलेला ॲडॅप्टर मे महिन्यात बंद पडला होता. त्याच्या जागी तिने बाजारातून दीडशे रुपयांना दुसरा आणला होता आणि "कंपनीचाच आहे, काकू, डोळे झाकून न्या," अशी दुकानदाराची ग्वाही त्याला होती. डोळे उघडून पाहिल्यावर त्यावर छापलेल्या 'आउटपुट' या इंग्रजी शब्दातले एक अक्षर गळलेले दिसले.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत इलेक्ट्रॉनिक्स शिकवण्यात माझी बावीस वर्षे गेली असल्यामुळे तो ॲडॅप्टर टाकून देण्याआधी उघडून पाहण्याचा मोह मला आवरला नाही. (वाचकांनी हा उद्योग करू नये, बोर्डातून काढल्यानंतरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, काही काळ धोकादायक विद्युतदाब शिल्लक राहू शकतो.) बोर्डातली २३० व्होल्टची वीज ॲडॅप्टरमध्ये शिरली की प्रथम तिचे एकदिश विजेत रूपांतर होते आणि त्या टप्प्यावर तिचा दाब सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत चढतो. मग ती सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून एका बोटाच्या पेराएवढ्या ट्रान्सफॉर्मरमधून धाडली जाते आणि पलीकडून ५ किंवा ९ व्होल्ट बाहेर पडतात. हातातला फोन आणि ते ३२५ व्होल्ट यांच्यामध्ये उभे असते ते ट्रान्सफॉर्मरच्या तारेवरचे इन्सुलेशन आणि सर्किट बोर्डवर दोन बाजूंमध्ये राखलेले अंतर. चांगल्या ॲडॅप्टरमध्ये हे अंतर साधारण पाच-सहा मिलिमीटर असते. धूळ आणि दमटपणा साचून वीज पृष्ठभागावरून सरपटत पलीकडे जाऊ नये म्हणून तिथे पुष्कळदा बोर्डाला आरपार खाचही पाडलेली असते. आईच्या ॲडॅप्टरमध्ये ते अंतर एक मिलिमीटरही नव्हते, ट्रान्सफॉर्मरभोवती पिवळ्या टेपचा एकच वेढा होता आणि फ्यूज नावाची वस्तू मला शोधूनही सापडली नाही.

झिणझिण्यांबद्दल एक खुलासा येथे करावासा वाटतो, कारण पुण्यातल्या माझ्या शेजाऱ्यांनी चांगल्या कंपनीचा चार्जरही याच तक्रारीपायी परत केला होता. ॲडॅप्टरच्या दोन्ही बाजूंना जोडणारा एक लहान कपॅसिटर विद्युत गोंगाट दाबण्यासाठी मुद्दाम बसवलेला असतो आणि त्यातून अतिसूक्ष्म प्रवाह फोनच्या बाजूला झिरपतो. दोन पिनांच्या उत्तम चार्जरवरही धातूच्या फोनला हात लावल्यावर कधी कधी पुसटशी थरथर जाणवते ती यामुळे, आणि ती निरुपद्रवी असते. मात्र या जागी 'वाय' वर्गाचाच कपॅसिटर लागतो, कारण तो बिघडला तरी आतून जोडला जाणार नाही अशा रीतीने बनवलेला असतो. स्वस्त मालात तिथे साधा, काही पैशांचा कपॅसिटर डकवलेला असतो आणि तो फुटला की भिंतीतली वीज थेट फोनच्या कडेपर्यंत येते. म्हणून थरथर बोचरी असेल, हात आपोआप मागे येत असेल, तर त्या ॲडॅप्टरची चिकित्सा करत न बसता तो त्याच क्षणी वापरातून काढावा.

या प्रकरणानंतर घरच्या आणि नात्यातल्या बऱ्याच जणांनी मला "कोणता चार्जर घेऊ?" असे विचारले. बहुतेकांच्या मनात केबल आणि ॲडॅप्टर ही एकच वस्तू असते, आणि किंमत कमी करायची झाली की ते दोन्हींत सारखीच काटकसर करतात. माझे मत असे की या दोन वस्तू दोन वेगळ्या कसोट्यांवर घ्याव्यात. ॲडॅप्टर चुकला तर माणसाच्या जिवाशी गाठ असते. केबल चुकली तर बहुतेक वेळा वेळ वाया जातो, क्वचित फोनचे किंवा लॅपटॉपचे नुकसान होते. हातात मोजकेच पैसे असतील तर ते आधी ॲडॅप्टरवर घालावेत.

ॲडॅप्टर घेताना मी प्रथम त्यावरची बारीक अक्षरे वाचतो, आणि वाचता येत नसतील तर फोनने छायाचित्र काढून मोठी करून पाहतो. आपल्याकडे इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी भारतीय मानक ब्युरोची अनिवार्य नोंदणी योजना आहे, तिचा पाया २०१२ च्या आदेशाने घातला गेला, आणि चार्जिंगचे ॲडॅप्टर तिच्या कक्षेत येतात. दुकानात लोक 'आयएसआय मार्क आहे का?' असे विचारतात. तो प्रश्न गीझर किंवा इस्त्री घेताना योग्य आहे. ॲडॅप्टरवर शोधायचे असते ते ब्युरोचे नोंदणी चिन्ह, त्यासोबत मानकाचा क्रमांक, जो बहुतेक ॲडॅप्टरांवर आयएस १३२५२ असा दिसतो, आणि इंग्रजी 'आर' या अक्षरानंतर येणारा आठ आकडी नोंदणी क्रमांक. ब्युरोच्या 'बीआयएस केअर' या ॲपमध्ये हा क्रमांक घातला की नोंदणी कोणत्या कारखान्याच्या नावावर आहे, कोणत्या वस्तूसाठी आहे आणि ती चालू आहे की रद्द झाली आहे, हे काउंटरवर उभ्या उभ्या कळते. छापलेला क्रमांक दिसला की समाधान मानणारे पुष्कळ आहेत आणि नकली माल करणाऱ्यांना हे पक्के ठाऊक असते. आईच्या ॲडॅप्टरवरही क्रमांक होता. ॲपमध्ये घातल्यावर तो एका भलत्याच उपकरणाचा निघाला. तेव्हा क्रमांक आहे एवढ्यावर न थांबता त्याच्यापुढे उघडणारी वस्तू आणि ब्रँड हातातल्या वस्तूशी जुळतात का, ते पाहावे. नोंदणी कारखान्याच्या नावे असते, त्यामुळे तिथे कंपनीऐवजी एखाद्या अपरिचित उत्पादकाचे नाव दिसले तर दचकू नये. ब्रँडच्या रकान्यात आपल्या कंपनीचे नाव असले की पुरे.

नकली मालाची अवस्था किती वाईट असू शकते याचा एक नोंदलेला पुरावा सांगतो. यूएल या सुरक्षा तपासणी संस्थेने २०१६ साली ॲपलच्या नावाने विकल्या जाणाऱ्या ४०० नकली ॲडॅप्टरांची चाचणी केली, त्यांतले ३९७ नापास झाले, आणि १२ तर असे निघाले की त्यांच्यामुळे विजेच्या धक्क्याने मृत्यू ओढवू शकला असता. त्याच वर्षी ॲपलने एका पुरवठादारावर अमेरिकेत दावा लावताना असे म्हटले होते की ॲमेझॉनवर 'अस्सल' म्हणून विकले जाणारे जे चार्जर आणि केबल आपण विकत घेऊन तपासले, त्यांतले सुमारे ९० टक्के नकली होते. संकेतस्थळावरून घेतले म्हणजे वस्तू खरी, हा समज त्यामुळे सोडावा; विक्रेता कोण आहे ते तिथेही पाहावेच लागते. २०२० मध्ये ॲपलने आणि पाठोपाठ इतर काही कंपन्यांनी खोक्यातून ॲडॅप्टर काढून टाकल्यापासून ही खरेदी प्रत्येकाच्या वाट्याला आली आहे, हे निराळे सांगायला नको.

आता वॅटचा प्रश्न. '६५ वॅटचा चार्जर लावला तर माझा १८ वॅटचा फोन जळेल का?' हे मला इतक्यांदा विचारले गेले आहे की उत्तर लिहून भिंतीला टांगावे असे वाटते. जळत नाही. ॲडॅप्टर वीज फोनमध्ये ढकलत नाही. फोन स्वतःला हवा तेवढाच प्रवाह घेतो. यूएसबी पॉवर डिलिव्हरी या पद्धतीत तर आधी दोघांमध्ये बोलणी होतात: ॲडॅप्टर '५, ९, १५, २० व्होल्ट यांपैकी काय काय देऊ शकतो' ते सांगतो, फोन त्यातले एक मागतो, आणि मागणी येईपर्यंत तारेत ५ व्होल्टच असतात. ॲडॅप्टरवर '९ व्होल्ट, २.२२ अँपिअर' असे लिहिलेले असते, त्यांचा गुणाकार म्हणजे २० वॅट, आणि तो छापलेल्या वॅटशी जुळत नसेल तर वस्तू तिथेच खाली ठेवावी. खरी अडचण उलट दिशेने येते. ओप्पोने २०१४ मध्ये 'व्हूक' ही स्वतःची जलद पद्धत आणली आणि तिच्या कुळातले फोन, तसेच स्वतःची निराळी पद्धत वापरणाऱ्या इतर कंपन्यांचे फोन, खोक्यातल्याच ॲडॅप्टर-केबलच्या जोडीवर पूर्ण वेगाने चार्ज होतात. दुसरा कितीही महागडा ॲडॅप्टर लावला तरी ते कमी वेगावर उतरतात. अशा फोनची जोडी हरवली तर त्याच कंपनीची घेणे हा शहाणपणा, किंवा मंद गती स्वीकारणे हा दुसरा. मी स्वतः दुसरा मार्ग पत्करला आहे, कारण रात्रभर फोन उशाशी पडून असताना त्याला घाई कसली?

पिनांकडे कोणी फारसे पाहत नाही, पण तिथेच ठिणग्या उडतात. युरोपच्या मापाच्या पिना ४ मिलिमीटर जाडीच्या असतात आणि आपले नेहमीचे लहान सॉकेट साधारण ५ मिलिमीटरच्या पिनांसाठी असते, त्यामुळे असा ॲडॅप्टर बोर्डात लोंबकळत राहतो, सैल जागी ठिणग्या पडतात आणि प्लास्टिक काळवंडते. घेतेवेळी दुकानातल्या बोर्डात बसवून हलवून पाहावा. गावाकडे आणखी एक भीती असते ती न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार, तुटण्याची. खांबावरची न्यूट्रल तार तुटली की एखाद्या घरात २३० च्या जागी साडेतीनशेच्या वर व्होल्ट येऊ शकतात, आणि '१०० ते २४०' असे लिहिलेल्या ॲडॅप्टरने ते सोसावेत अशी अपेक्षाच चुकीची आहे. चांगला ॲडॅप्टर अशा वेळी स्वतः मरतो आणि फोन वाचवतो. वाईट ॲडॅप्टर फोनलाही सोबत नेतो. पावसाळ्यात वीज ये-जा करू लागली की आई आता ॲडॅप्टर बोर्डातून काढूनच ठेवते, ते उत्तम.

केबलच्या बाबतीत माझा मुख्य सल्लागार म्हणजे एक लहानसा यूएसबी मीटर. पुण्यातल्या तपकीर गल्लीतून काही वर्षांपूर्वी चारशे रुपयांना घेतलेला हा मीटर ॲडॅप्टर आणि केबल यांच्यामध्ये किंवा केबल आणि फोन यांच्यामध्ये लावला की तिथले व्होल्ट आणि अँपिअर दाखवतो. केबलमधली तांब्याची तार जितकी बारीक तितका तिचा रोध अधिक. २८ गेजच्या (गेज म्हणजे तारेच्या जाडीचे माप) तारेचा रोध दर मीटर लांबीला सुमारे ०.२१ ओहम असतो, आणि वीज जाते तशी परतही येत असल्यामुळे एक मीटरच्या केबलमध्ये तो ०.४२ होतो. अशा केबलमधून २ अँपिअर न्यायचे म्हटले तर वाटेतच सुमारे ०.८५ व्होल्ट गळतात, म्हणजे ५ व्होल्ट निघाले तर फोनपाशी ४.१५ पोहोचतात. बॅटरीच पूर्ण भरताना ४.३ ते ४.४ व्होल्टपर्यंत जात असल्यामुळे फोन निमूटपणे प्रवाह कमी करून घेतो, आणि आपण 'बॅटरी म्हातारी झाली' असा निष्कर्ष काढतो. हीच तार २४ गेजची असेल तर गळती ०.३४ व्होल्टवर येते. लांबी दुप्पट केली की गळतीही दुप्पट होते, म्हणून पलंगापर्यंत पोहोचणारी तीन मीटरची बारीक केबल हा सर्वांत वाईट सौदा. जलद चार्जर ९ व्होल्टवर का जातात, याचे उत्तरही या हिशेबातच आहे: तेच ०.८५ व्होल्ट ९ मधून गेले तर फारसे बिघडत नाही. चांगल्या केबलच्या आवरणावर पुष्कळदा '२८ एडब्ल्यूजी/१पी + २४ एडब्ल्यूजी/२सी' अशा धाटणीचा मजकूर छापलेला असतो. त्यातला पहिला आकडा माहितीच्या तारांचा आणि दुसरा विजेच्या तारांचा, आणि आपल्याला पाहायचा असतो तो दुसरा. तो २४ किंवा त्याहून लहान असावा, कारण गेजमध्ये आकडा लहान तशी तार जाड.

छापील आकड्यावर तरी किती विश्वास ठेवावा? गेल्या वर्षी तुटलेली एक जाडजूड केबल मी कापून पाहिली, तेव्हा आत रबराचाच भरणा अधिक होता आणि तारा केसाएवढ्या. दुसऱ्या एका केबलमध्ये तार ब्लेडने खरवडल्यावर तांब्याचा पातळ मुलामा निघून आत पांढरी धातू दिसली, ती ॲल्युमिनियम. अशी मुलाम्याची तार वीज वाहून नेण्यात तांब्याच्या दोन-तृतीयांशाच्या आसपासच भरते आणि वाकवून वाकवून लवकर तुटते. कथिलाचा थर दिलेली तांब्याची तारही वरून चंदेरी दिसते, म्हणून खरवडल्याशिवाय निवाडा करू नये. नायलॉनची वीण दिसायला छान असते आणि ओरखड्यांपासून वाचवतेही, परंतु केबल मरते ती मधे नव्हे, पिनच्या मुळाशी, जिथे रोज तिची मान मुरगळली जाते. तिथे लांब आणि लवचीक रबरी बाही आहे की टणक प्लास्टिकची गाठ, एवढे बोटांनी वाकवून पाहिले तरी पुष्कळ कळते.

टाईप-सीच्या केबलमध्ये तारेपलीकडेही काही गोष्टी असतात, आणि त्यांची कथा बेन्सन ल्युंग या गुगलमधल्या अभियंत्यापासून सुरू करावी लागते. २०१५ च्या अखेरीस त्यांनी ॲमेझॉनवर विकल्या जाणाऱ्या टाईप-सी केबल स्वतः विकत घेऊन तपासण्याचा आणि तिथेच परीक्षणे लिहिण्याचा सपाटा लावला. जुन्या चौकोनी टाईप-ए टोकाच्या केबलमध्ये सी-टोकापाशी एक रोधक असतो, आणि त्याच्या मूल्यावरून फोन समजून घेतो की पलीकडून किती प्रवाह घेणे सुरक्षित आहे. तिथे ५६ किलोओहमचा रोधक हवा असताना अनेक केबलमध्ये १० किलोओहमचा होता. त्याचा अर्थ 'बेधडक ३ अँपिअर घे' असा होतो, मग पलीकडे लॅपटॉपचे अर्ध्या अँपिअरचे छिद्र (पोर्ट) का असेना. पुढे फेब्रुवारी २०१६ मध्ये एका केबलने त्यांच्या लॅपटॉपचेच नुकसान केले, कारण तिच्यात वीज आणि जमीन (ग्राउंड) यांच्या तारा उलटसुलट जोडलेल्या होत्या. त्यानंतर काही आठवड्यांतच ॲमेझॉनने मानकात न बसणाऱ्या टाईप-सी केबलना आपल्या दुकानात बंदी केली. एका माणसाच्या चिकाटीने झालेले हे काम मला फार मोलाचे वाटते. ग्राहक संघटनांनाही असे यश क्वचितच येते.

दोन्ही टोकांना सी असलेल्या केबलवर ६० वॅट किंवा २४० वॅट असे लिहिलेले असेल तर ते मानकाला धरून आहे. ३ अँपिअरपर्यंतची केबल साधी चालते, त्यापुढे ५ अँपिअर न्यायचे असतील तर केबलच्या टोकात एक ओळखचिप लागते, जी ॲडॅप्टरला 'मी हे पेलू शकते' असे सांगते. यूएसबीच्या मानकात ५ अँपिअरच्या पुढे काहीच नाही, त्यामुळे '६ अँपिअर, १२० वॅट' अशी जाहिरात दिसली तर ती एखाद्या विशिष्ट कंपनीच्या खासगी पद्धतीपुरती आहे किंवा निव्वळ शोभेची आहे, असे समजावे. फोनसाठी ६० वॅटची एक मीटरची सी-टू-सी केबल पुरेशी होते आणि लॅपटॉपही त्याच तारेवर चालवायचा असेल तरच २४० ची घ्यावी. जाता जाता: स्वस्त ट्रिमर किंवा बॅटरीचा दिवा सी-टू-सी केबलने चार्ज होत नाही आणि जुन्या ए-टू-सी केबलने होतो, अशी तक्रार येते तेव्हा दोष केबलचा नसतो. त्या उपकरणाच्या उत्पादकाने सी-छिद्रामागे लावायचे दोन रोधक वाचवलेले असतात.

टाईप-सी हेच सर्वांचे छिद्र होणार, हे आता ठरल्यासारखे आहे. युरोपीय संघात नव्या फोनना ते २८ डिसेंबर २०२४ पासून सक्तीचे झाले, आयफोनने २०२३ मध्येच ते स्वीकारले, आणि आपल्या मानक ब्युरोनेही २०२३ च्या जानेवारीत टाईप-सीचे भारतीय मानक प्रसिद्ध केले. त्यामुळे आज मायक्रो-यूएसबीच्या केबलवर खर्च करताना हात जरा आखडता घ्यावा.

कोकणात केबलला आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे खारी, दमट हवा. सी-पिनमध्ये ओलावा असताना चार्जिंग लावले तर विजेच्या दाबामुळे पिनांवर रासायनिक झीज सुरू होते, बारीक हिरवट-काळे ठिपके दिसू लागतात, आणि मग केबल एका बाजूनेच घातली तर चालते, उलटी घातली तर चालत नाही, असा चमत्कार घडतो. फोनने 'पोर्ट ओला आहे' असा इशारा दिला तर तो खरा मानावा आणि पंख्याखाली तास-दोन तास ठेवावा. टाचणीने खरवडू नये.

आईसाठी शेवटी तिच्या फोनच्या कंपनीचाच २५ वॅटचा ॲडॅप्टर घेतला, दुकानातच ॲपमध्ये क्रमांक घालून पाहिला, आणि २४ गेज छापलेली एक मीटरची केबल त्याला जोडली. मीटर लावल्यावर फोनपाशी ८.७ व्होल्ट मिळाले. आईला त्या आकड्याचे काही नव्हते. तिने फक्त अनवाणी पायांनी लादीवर उभी राहून फोनच्या कडेवर बोट ठेवून पाहिले आणि "आता गप्प आहे," असे म्हणाली. केबल एक मीटरचीच असल्यामुळे चार्जिंग लावून अंथरुणात पडल्या पडल्या फोनवर बोलता येत नाही, ही तिची नवी तक्रार मात्र अजून चालू आहे.